निशाणी ३१

अण्णा गेल्यावर चौदा महिने आईनं कोर्टाचं नाव काढलं नव्हतं. फेब्रुवारी १९९८मध्ये पुणे-बंगळूर हायवेवर उंब्रजच्या अलीकडे त्यांच्या सायकलला मागून ट्रकनं उडवलं. अपघाताचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो, मुदत गेली की संपलं, असं गावात कुणीतरी आईला सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात तशी मुदत होतीच. १९९४च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. ते मात्र आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. दुखवट्यात, दिवसपाण्यात आणि शिलाईच्या राहिलेल्या कपड्यांचे पैसे परत करण्यात सहा महिने कधी उलटले ते आईला कळलंही नाही.

एप्रिल १९९९मध्ये थोरले काका आईला आणि मला घेऊन साताऱ्याला गेले. हक्कसोडपत्र करायचं होतं. आजोबांच्या मागं दोघा भावांच्या नावावर आलेल्या जमिनीतला अण्णांचा हिस्सा आईनं सोडायचा आणि काकांनी आम्हाला सांभाळायचं, असं ठरलं होतं. काका वाईट नव्हते. बाईमाणसाला शेतीचा व्याप झेपणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्या वर्षी आमच्या घरात ज्वारी त्यांच्याच खळ्यावरून आली होती. एवढ्या वर्षांनंतरही त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण त्या दिवशी सही झाली असती तर आज आमच्या नावाचा सातबारा नसता.

झाडाखाली बसलेला टायपिस्ट मजकूर मोठ्यानं वाचून दाखवत होता. आई मान हलवत होती. शेजारच्या बाकावर एक वयस्कर वकील डबा खात बसले होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “ताई, हे कशासाठी सोडताय?”

आई काही बोलली नाही. काकांनीच सगळं सांगितलं. अपघात, ट्रक, दोन पोरं. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग काकांनाच म्हणाले, “भाऊ, पोरं अज्ञान आहेत. सहीची घाई नको. आणि अपघाताचा दावा लावलाय का?”

मुदत गेली, असं आम्ही तिघांनी एकदमच सांगितलं असेल. ते म्हणाले, “मुदत आता नाही. उद्या एफआयआर, पंचनामा, पी.एम.चा कागद आणि मालकांचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या.”

काकांनी न वापरलेला स्टॅम्प पेपर घडी करून खिशात घातला. माझ्यावरच्या ऋणाचा हिशेब मी तिथूनच धरते.

वकीलकाकांनी (पुढं आम्ही त्यांना तसंच म्हणायला लागलो) आईकडून फीचे म्हणून जे घेतलं ते झेरॉक्स, टायपिंग आणि तिकिटांच्या पैशांहून फार जास्त नसेल. आधी गावात एक मध्यस्थ येऊन गेला होता. मिळेल त्याच्या चौथ्या हिश्शावर काम करतो, म्हणाला होता. आईनं ते सांगितल्यावर वकीलकाका पहिल्यांदा चिडलेले दिसले. “दाव्याच्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मनाई आहे. आणि नसती, तरी मेलेल्या माणसाच्या पैशात माझा हिस्सा कसला?”

अर्ज तयार झाला तेव्हा माझ्या नावापुढं ‘अज्ञान’ असा शब्द होता, आणि त्याखाली ‘अ.पा.क. आई’. मी आठवीत वर्गात दुसरी आले होते. तो शब्द वाचून मला रडू कोसळलं. वकीलकाकांनी पेन खाली ठेवलं आणि मला समोर बसवून सांगितलं, की हा कोर्टाचा शब्द आहे, अठरा वर्षांच्या आतल्या प्रत्येकाला लावतात, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. आणि ज्याला कोर्ट अज्ञान म्हणतं त्याच्या पैशाला दुसरं कुणी हात लावू शकत नाही. अर्जदार चौघं होतो: आई, मी, धाकटा भाऊ आणि आजी. आजीचं नाव घालायचा आग्रह त्यांचाच. “मुलगा तिचाही गेलाय,” एवढंच म्हणाले. काका-आजी एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे, अशी जी फूट घरात पडायला आली होती ती त्या एका ओळीनं थांबली. जमीन हा वारसा आहे आणि भरपाई हा आधार गेल्याचा मोबदला आहे, एकाच्या बदल्यात दुसरं सोडायचं नसतं, हेही त्यांनी काकांना दोनदा समजावून सांगितलं.

चूक कुणाची हे ठरायच्या आधी मिळणारे पन्नास हजार कलम १४०खाली काही महिन्यांत आले. त्यातून घरावरचे पत्रे बदलले. खरी लढाई पुढं होती, आणि ती एका आकड्याची होती: अण्णा महिन्याला किती कमवत होते?

अण्णा शिंपी होते. दुकान म्हणजे एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि भिंतीवर खडूनं लिहिलेल्या तारखा. पावतीपुस्तक नाही, बँकेत खातं नाही. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं: कमाईचा पुरावाच नाही, तेव्हा कमाई नसलेल्या माणसासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेले वर्षाचे पंधरा हजार धरा. त्यातून मयताच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा, उरले दहा हजार. मग वयाप्रमाणे गुणक. पी.एम.च्या कागदावर अण्णांचं वय ‘अंदाजे ४६’ होतं, म्हणजे गुणक १३. बापाच्या सगळ्या आयुष्याचे एक लाख तीस हजार. वकीलकाकांनी शाळेचा दाखला पुढं केला. अण्णांना अडतिसावं चालू होतं. अडतिसाला गुणक १६. चौथीनंतर शाळा सुटलेल्या माणसाचा तो पिवळा पडलेला कागद आमच्या अशा कामी आला.

कमाईसाठी मात्र दाखला नव्हता. एका संध्याकाळी वकीलकाकांनी आईला विचारलं, “तुम्ही दुकानात काय करायचा?”

“काही नाही. मी घरीच असायची.”

“काजं-बटणं कोण करायचं?”

“मीच.”

“हातशिलाई?”

“मीच.”

“मग मापं कशावरून घ्यायचे ते?”

“वहीवरून.”

आईला वही आठवली ती अशी. (परक्या घरातल्या बाईनं ‘काही नाही’ म्हटलं की मला अजूनही तिला पुढचे प्रश्न विचारावेसे वाटतात. जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचंही उत्पन्न धरलं पाहिजे असं एका अपघाताच्या निकालात सांगितलं, तेव्हा ती संध्याकाळ माझ्यापुढं उभी राहिली.)

वही ट्रंकेत होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, खाली उंची, छाती, खांदा, बाही, गळा, शेवटी शिलाईचे पैसे आणि तारीख. कोपऱ्यात त्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीनं टोचलेला, कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. वकीलकाकांनी दोन वर्षांच्या शिलाईची पानापानानं बेरीज केली. चार रात्री लागल्या, असं त्यांच्या कारकुनानं नंतर सांगितलं. महिन्याला सरासरी तीन हजारांच्या आसपास येत होते.

जुलै २००१मध्ये आईची सरतपासणी आणि उलटतपासणी झाली. “ही वही घरी बसून नंतर लिहिली, हे खरं आहे का?” आई म्हणाली, “मला लिहिता येत नाही, साहेब.” विरुद्ध बाजूच्या वकिलांनी दुसरा मुद्दा काढला: मशीन घरात आहे, तुम्ही शिवता, मग धंदा बुडाला कुठं? आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, “शिवता मला येतं. बेतता त्यांना येत होतं.” हे वाक्य टाईप होताना मी ऐकलं. कोर्टात त्या दिवशी त्याहून खरं कुणी काही बोललं नाही.

मग गुरुजी साक्षीला आले. आमच्या प्राथमिक शाळेतले, अण्णांकडूनच कपडे शिवून घेणारे. वकीलकाकांनी त्यांना अण्णांनी शिवलेला शर्ट घालून यायला सांगितलं होतं. राखाडी, बारीक निळ्या रेघांचा. कॉलर झिजून आतलं कॅनव्हास दिसायला लागलेला. गुरुजींनी स्वतःचं पान ओळखलं, तारीख वाचली. न्यायाधीशांनी वही वर मागवून घेतली. टाचणीखालचा तुकडा दोन बोटांत धरला, गुरुजींना जवळ बोलावलं आणि त्यांच्या बाहीकडे पाहिलं. काहीच बोलले नाहीत. शिरस्तेदारांना खूण केली. वहीवर निशाणी ३१ पडली.

निकाल २००२मध्ये लागला. न्यायाधीशांनी महिन्याला अडीच हजार धरले. वर्षाचे तीस, तिसरा हिस्सा वजा जाऊन वीस, गुणक १६: तीन लाख वीस हजार. त्यात अंत्यविधी आणि इतर मिळून साडेनऊ हजार, आधीचे पन्नास वजा, आणि व्याज नऊ टक्के. माझा आणि भावाचा हिस्सा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत. कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडायची नाही, त्यावर कर्ज काढायचं नाही. २००३मध्ये मी कराडला कॉलेजात गेले ती त्या पावतीवर. आजीनं तिच्या वाट्यातून काकांच्या विहिरीला मोटर बसवून दिली, आणि जमिनीची वारसनोंद त्याच साली काकांनी स्वतः तलाठ्याकडे उभं राहून करून घेतली.

सहा महिन्यांची मुदत २०१९च्या दुरुस्तीनं परत आली आहे. १ एप्रिल २०२२पासून ती लागू झाली. तिच्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. दुखवट्यातल्या बाईला सहा महिने म्हणजे किती, हे मला माहीत आहे. तो नियम जावा, असं मला कळकळीनं वाटतं.

पैसे मिळाल्यावर लोक कोर्टाकडे पुन्हा फिरकत नाहीत. आम्हीही गेलो नाही. अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपल्यावर एक दिवस वकीलकाकाच उंब्रजला एसटीतून उतरले आणि विचारत विचारत घरी आले. मूळ कागद परत मिळावा म्हणून त्यांनी अर्ज दिला होता, दप्तरात झेरॉक्स ठेवली होती. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही काढून त्यांनी आईच्या हातात दिली. आईनं त्यांना चहा विचारायच्या आधी वही देवापुढं ठेवली. ते दहा वर्षांपूर्वी गेले. मला कळायला महिना लागला.

वहीच्या पहिल्या पानावर कोर्टाचा शिक्का आहे आणि लाल शाईत ३१. शेवटच्या पानांत वकीलकाकांनी एक कागदाचा चिटोरा घातला होता. तो मी हलवलेला नाही. तिथं जून १९९७ची नोंद आहे, पैशांचा रकाना मोकळा. कोपऱ्यात गणवेशाच्या निळ्या कापडाचा तुकडा, गंजलेली टाचणी, माझं नाव, उंची, खांदा, कंबर, आणि खाली अण्णांच्या अक्षरात: ‘अंग वाढतंय. दोन इंच माया जास्त सोडणे.’