बुकोब्याहून घरी

म्वांझा, बंदरावरून

येशूत प्रिय आई-बाबा,

सुखरूप पोचले. बोट संध्याकाळी सुटेल, रात्रभर व्हिक्टोरिया सरोवर कापून सकाळी बुकोब्याला लागेल. सरोवर म्हणायचं इतकंच; आत गेल्यावर पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे. बंदराजवळच्या बाजारात बोटाएवढी सुकी मासळी पोत्यांनी मांडलीय. 'दागा' म्हणतात तिला. अंधाऱ्या रात्री होड्यांवर दिवे लावून धरतात आणि काठावर वाळवतात. सोबतची सिस्टर नाकाला रुमाल लावून उभी आहे आणि मी भाव विचारत हिंडतेय! त्या वासानं थेट अर्नाळ्याला नेऊन सोडलं.

बाबा, निघताना तुम्ही संत गोन्सालो गार्सियांचं नाव घेतलंत. वसईचा मुलगा १५९७ साली नागासाकीत क्रूसावर गेला, १८६२ साली संत झाला. त्यांचा आधार वाटतोच. पण विमानात मला त्यांच्या आईचाच विचार येत राहिला. तिनं मागे काय सोसलं, ते मी कुठे वाचलेलं नाही. आई, तू विमानतळावर रडली नाहीस. 'पासपोर्ट घेतलास ना?' एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिलीस. तुझं ते विचारणं मला कळलं होतं गं.

बुकोब्याजवळच्या गावातून

प्रिय दादा,

तू इथे यायलाच हवंस. घरं केळीच्या बागेतच बांधलेली, केळींच्या मधे कॉफीची झाडं. बुंध्याशी वाळलं गवत अंथरतात, त्यानं ओल टिकते. आपल्या वाडीत करून बघ. घरी आलेल्या पाहुण्यापुढे चघळायला कॉफीच्या सुक्या बिया ठेवतात. जेवण म्हणजे कच्ची केळी सोलून घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजवलेली. आम्ही राजेळी पिकवून, वाळवून सुकेळी करतो, असं सांगितलं तर दवाखान्यातली मदतनीस बाई म्हणाली, "अन् मग जेवता काय?"

मलेरियानं फणफणलेलं एक पोर आणलं होतं. चाचणी झाली, औषध सुरू केलं, ताप उतरला. त्याची आई डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन आली आणि गुडघे टेकून 'आसांते' म्हणाली. आभार मानायची इथली ही रीतच आहे, पण मी ओशाळले. औषध मिशनचं, चालत आली ती. मी फक्त गोळ्या मोजून दिल्या.

तिथूनच, नाताळाआधी

प्रिय वहिनी,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी. इथे सूर्योदयापासून तास मोजतात, आणि वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तुम्ही साडेसातला जपमाळेला बसता तेव्हा इथे पाच वाजलेले असतात, आणि गावकरी म्हणतात अकरा! त्या वेळी मी औषधांचं रजिस्टर भरत असते. हात चालू असतो, मन तुमच्यात. आईचा आवाज 'प्रणाम मारिये'ला जरा चढतो, तो ऐकू येतो. हे आता कमी होईल, असं सुरुवातीला वाटायचं. होत नाही. होऊ नये, असंच आता वाटतं.

लोक म्हणतात, सिस्टर, तुम्ही घरदार सोडून आमच्यासाठी आलात. ऐकायला बरं वाटतं. पण मागे कुणी घरदार सांभाळतं, म्हणून ते सोडता येतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा व्यायामाला रिक्षानं रोज नेलंस तू, रात्री उठलीस तू. व्रत मी घेतलं, त्यातलं अर्धं तू पाळतेस. दादाच्या पत्रातल्या त्या आईचं 'आसांते' तुझ्या नावे लिहून घे.

यंदा माझ्यासाठी पार्सल पाठवू नकोस. टपालाचे ते पैसे घे आणि नाताळ झाल्यावर चार दिवस माहेरी जाऊन ये. आईला दादा बघेल. भाजीत मीठ कमी पडलं तर पडू दे. नाहीच ऐकलं त्यानं, तर मला फोन लाव. मी बोलते त्याच्याशी.

तुझी,
बाय