पीळ

विषय गाडीचा आहे, त्यामुळे आमच्या आत्या-मावशी मंडळींनी इथूनच परत फिरायला हरकत नाही. (पण काकांबद्दल आहे म्हटल्यावर त्या वाचणारच!)

काका राजापूरच्या आतल्या अंगाला राहतात. डांबरी रस्ता सुटल्यावर घरापर्यंतचा दीड किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात नुसता लाल चिखल आणि चढ. काकूच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यावर काकांनी एक जुनी जिप्सी घेतली, २००९ सालची. घेतली कोणाकडून, तर भजनातल्या पेटीवाल्यांकडून. काका पखवाजाला, ते पेटीला, असं तीस-पस्तीस वर्षं चाललेलं. दोन महिन्यांत गाडी अडखळायला लागली, वळणावर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. गॅरेजवाल्याने खालून एक नजर टाकली आणि "ट्रान्स्फर केस गेली, चाळीस हजार धरा" म्हणून सांगितलं. काकांनी चाळीस हजार धरले नाहीत, पेटीवाल्यांशी अबोला मात्र धरला.

मी जुलैत गेलो तेव्हा काकूच म्हणाली, "गाडीचं राहू दे रे, पण ह्यांचं भजन सुटलंय ते बघवत नाही."

दोन दिवस उघडीप होती. गाडी देवळासमोरच्या कोरड्या कोब्यावर नेली, स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू सोडली. अर्धं वर्तुळ व्हायच्या आत हँडब्रेक ओढल्यासारखी थांबली. ब्रेक धरत असतील म्हणून चारी चाकं हाताने चाचपली. एकही गरम नव्हतं.

आता थोडं तांत्रिक, सहन करा. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. पुढची चाकं तीस अंश वळलेली असली तर त्यांना जवळजवळ पंधरा टक्के जास्त अंतर कापावं लागतं. जिप्सीसारख्या गाडीत फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये हा फरक पचवणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि फरक भागून जातो. डांबरावर घसरणार कुठे? मग तो सगळा फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो. माजघरातल्या झोपाळ्याच्या दोऱ्यांना आपण लहानपणी पीळ द्यायचो, अगदी तसा.

"पण लिव्हर तर टू व्हीलवरच आहे," काका म्हणाले. हलवून बघितला. टूच्या बाजूला झुकलेला होता, पण खाचेत पूर्ण बसलेला नव्हता, आणि जोर लावूनही बसत नव्हता. डॅशवरचा फोर व्हीलचा दिवा बंद होता खरा. कारण त्याचा बल्बच गेलेला.

मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं. काकांना हात लांब ठेवायला सांगितलं. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, कोणी हात न लावता गर्रकन पाव वळसा फिरलं! साठलेला पीळ सुटला. लिव्हर हलवला तर लोण्यातून सुरी जावी तसा टूमध्ये गेला. आता हाताने चाक फिरवलं तर मोकळं फिरत होतं, फोर टाकलं की जागचं हलत नव्हतं. म्हणजे केसमधली जोडणी धरतही होती आणि सोडतही होती. मग चाळीस हजार कशाचे?

राहिला प्रश्न, सरळ रस्त्यावरही पीळ का भरतो. काकांना विचारलं तर ते चिखलासाठी घातलेलं फोर व्हील बाजारापर्यंत तसंच ठेवत होते, चौदा किलोमीटर डांबरावरून. "उगाच चिखलात परत कोण घालत बसणार?" आणि पुढचे दोन टायर कोरे, मागचे झिजलेले. टायरवर खडूने खूण केली, गाडी एक फेरा ढकलली, टेपने मोजलं. पुढचं चाक एका फेऱ्यात दोन मीटर तीन सेंटिमीटर जातं, मागचं एक मीटर नव्व्याण्णव. चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एका किलोमीटरला मागचं चाक दहा फेरे जास्त मारतं. बाजारापर्यंत एकशे चाळीस. वळणं वेगळीच. थोडं टायर घासून जातं, बाकीचं शाफ्ट सोसतो.

उपाय साधा होता. मागेही पुढच्यासारखेच दोन नवे टायर, नवा बल्ब, आणि डांबर लागलं की लिव्हर टूवर. चुकून पीळ बसलाच तर सरळ रेषेत थोडं मागे घ्यायचं, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो. चाळीसच्या मानाने खर्च किरकोळच.

"पुढचे नवे टायर कोणी टाकले?" मी विचारलं.

काका जरा वेळाने बोलले. "त्यानेच. गाडी देताना. म्हणाला, वहिनींना घेऊन फिरणार, पुढचे तरी धड असू देत." मग पुटपुटले, "मला वाटलं, काहीतरी झाकायलाच टाकलेत."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्या घराण्याकडे बघूनच केली असावी असं मला नेहमी वाटत आलंय, त्यामुळे मी पुढे काही बोललो नाही. टेप गुंडाळली आणि फडकं घेऊन टायरवरचा खडू पुसायला वाकलो.

"राहू दे ती खूण," काका म्हणाले. "त्याला दाखवायला लागेल."