दुखत नाही ना? मग दाखवायलाच हवं!

ऑफिसात माझं नाव ‘फुल स्लीव्हज’ पडलंय. मे महिन्यातही लांब बाह्या आणि वर सनस्क्रीनचा थर! फॅशन नाही बरं का. आईने मला किडनी दिली, तेव्हापासून हाच माझा ड्रेसकोड.

त्याचं असं आहे, शरीरात परकं काही दिसलं की आपली प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते. मग ती सख्ख्या आईची किडनी का असेना! म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशा गोळ्यांनी तिला गुंगीत ठेवायचं. १९५४ मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्यामुळे तिथे या भानगडीची गरजच पडली नाही. आम्हाला मात्र गोळ्या रोज, घड्याळ लावून.

पण पहारेकरी पेंगला की भुरट्या चोरांचं फावतं. एका चामखिळीच्या दहा होतात, गजकर्ण हटता हटत नाही, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नागीण होऊन उठतो. उन्हाने त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोकाही वाढतो. आणि एरवी मातीत, काट्याकुट्यांवर गुपचूप राहणारी बुरशी थेट आत शिरते.

माझ्या बाबतीत तेच झालं. गावी लिंबं तोडताना मनगटाच्या वर काटा टोचला. काही आठवड्यांनी तिथे वाटाण्याएवढी गाठ आली. दुखणं नाही, लाली नाही, ताप नाही. शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, दुखत नाही ना? मग सोड ना!’’ मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावला. तुकडा तपासला, तर बुरशी! गाठ कापून काढली, वर कित्येक महिने इट्राकोनॅझोल. त्या गोळीने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं, म्हणून त्याचा डोस कमी करायचा आणि सारख्या रक्ताच्या तपासण्या.

डॉक्टर म्हणाले ते पक्कं लक्षात राहिलंय. लाली, सूज, पू, ताप ही सगळी शरीराच्या लढाईची लक्षणं. आमच्याकडे सैन्यच झोपलेलं, त्यामुळे शत्रू घरात शिरला तरी आरडाओरडा होत नाही.

तेव्हा तुमच्या टीममध्ये माझ्यासारखं कुणी असेल, तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणू नका. उलट म्हणा, ‘‘तू डॉक्टरकडे जा, मीटिंगचं मी बघतो.’’ आणि तुम्हालाच कांजिण्या किंवा नागीण झाली असेल, तर प्लीज, गप्पा फोनवरच मारू या!