एक पलंग, दोन दुलया

पलंग एकच, पण त्यावर दुलया दोन. पांढऱ्याशुभ्र खोळींच्या, तिहेरी घडी घालून शेजारी शेजारी ठेवलेल्या. कोपनहेगनला भाचीकडे गेले, तेव्हा तिने हौसेने सगळं घर दाखवलं; स्वयंपाकघर, बाल्कनी, बाल्कनीतून दिसणारा कालव्याचा तुकडा. ते सगळं मी ‘छान, छान’ करत पाहिलं आणि झोपायच्या खोलीच्या दारात थबकले. दोघांचं काही बिनसलंय की काय? शंका माझ्या तोंडावर उमटली असणार. “मावशी, काहीही झालेलं नाहीये,” ती हसायलाच लागली. “इथे सगळ्यांकडे असंच असतं. ज्याची त्याची दुलई.”

मग मला दुलईशास्त्र शिकवण्यात आलं. माप ठरलेलं: 140 सेंटिमीटर रुंद, 200 लांब, उंच माणसांसाठी 220. अंगाला लागते ती खोळच, मध्ये चादर नाही. सकाळी अंथरूण आवरायचं म्हणजे दोन्ही दुलया झटकायच्या, घडी घालायची, संपलं. उन्हाळ्याची पातळ, हिवाळ्याची जाड. जावई उष्ण प्रकृतीचा, तो जानेवारीतही पातळ घेतो. ही नाकापर्यंत जाड. कुणी कुणाचं ओढत नाही. आमच्याकडे एका पांघरुणाखाली रात्रभर चाललेल्या ओढाताणीचा हिशेब सकाळी चहाच्या वेळी निघतो, आणि इतक्या वर्षांनंतरही ‘तूच ओढलंस’ या कलमावर एकमत नाही. मला ही पद्धत पाहताक्षणी पटली. घरी जाऊन ती सांगितली तर काय होईल, तेही लगेच दिसलं.

ह्युगे म्हणजे डॅनिश पद्धतीचा उबदार निवांतपणा; त्याची साथ इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत आली ती 2016च्या सुमाराला. कोपनहेगनच्याच माइक विकिंग यांचं छोटेखानी पुस्तक त्यात सगळ्यांत गाजलं. मागोमाग मेणबत्त्या, लोकरी मोजे, जाड विणीची शाल असे संच विकायला निघाले. डॅनिश माणसाची झोपायची खोली म्हणजे राखाडी भिंत, मेंढीचं कातडं आणि त्यावर वाफाळता कप, असं ठरून गेलं. पलंगावर गरम कॉफी ठेवणारा माणूस मी अजून कुठल्याच देशात पाहिलेला नाही. मी पाहिलेल्या जाहिरातींत दोन दुलया मात्र कुठे नव्हत्या.

कोपनहेगनच्या उत्तरेला, लिंगबीजवळ फ्रिलँड्समुसेट नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. 1897 साली सुरू झालेलं आणि 1901 पासून इथे असलेलं. देशभरातली जुनी शेतकरी घरं उकलून आणून तिथे पुन्हा उभी केली आहेत. त्यांतल्या काही घरांत पलंगच नाहीत. भिंतीत लाकडी कपाट असतं, त्याला पडदा किंवा दार, आणि आत अंथरूण. एकेका कपाटात दोघं-तिघं शिरायची, दार ओढून घ्यायची आणि एकमेकांच्या अंगाच्या उबेवर रात्र काढायची. कपाटं इतकी आखूड की आपली उंची ती केवढी, तरी माझे गुडघे दुमडावे लागले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वाक्य इथे सुताराने भिंतीतच ठोकून ठेवलं होतं.

डेन्मार्कमधलं सगळ्यांत प्रसिद्ध अंथरूण अर्थातच वीस गाद्या आणि त्यांवर वीस दुलया असं आहे. तळाशी वाटाणा, वर राजकन्या, आणि सकाळी तिचं अंग काळंनिळं. हान्स क्रिस्टियन अँडरसनची ही गोष्ट 1835 साली त्याच्या परीकथांच्या पहिल्याच पुस्तिकेत आली. नुहाउन बंदराच्या काठावर 20 नंबरच्या घरात तो तेव्हा भाड्याने राहत होता. गोष्टीतल्या दुलया आयडर बदकाच्या पिसांच्या आहेत. या बदकाची मादी घरट्याला मऊपणा यावा म्हणून स्वतःच्या छातीवरची पिसं उपसून अंथरते, आणि माणसं ती घरट्यातून गोळा करतात. म्हणजे राजकन्येच्या अंगाखाली वीस दुलयांभर बाळंतिणीच्या खोल्या होत्या. तरी तिला झोप नाही.

लहानपणी मला या राजकन्येचा राग यायचा. केवढा तो नखरा! आता वाटतं, ही गोष्ट लिहिणाऱ्यालाच पलंगाची धास्ती होती. अँडरसनचा जन्म 1805चा, ओडेन्सेचा. बाप जोडे शिवणारा. लग्नासाठी बापाने पलंग स्वतःच्या हाताने ठोकला, आणि त्यासाठी लाकूड वापरलं ते एका मृत सरदाराची शवपेटी ज्या चौकटीवर ठेवली होती, त्या चौकटीचं. लाकडाला काळ्या कापडाच्या चिंध्या चिकटलेल्या राहिल्या होत्या. त्या पलंगावर आपण जन्मलो, असं अँडरसनने आत्मचरित्रात लिहिलंय. अभ्यासक यावर भुवया उंचावतात. मला ते खरं असण्याशी फारसं कर्तव्य नाही. आपल्या जन्माची गोष्ट सांगताना ज्या माणसाला प्रेताखालचं लाकूड सुचतं, तो पुढे निवांत झोपला असेल हे संभवत नाही.

आणि तो नव्हताच झोपत. जिवंतपणी पुरले जाऊ, ही त्याची कायमची भीती. म्हणून झोपताना उशाशी चिठ्ठी: मी मेल्यासारखा दिसतोय, मेलेलो नाही. आगीची दुसरी भीती. परगावी जाताना सामानात दोरखंड, हॉटेलला आग लागलीच तर खिडकीतून उतरायला. तो दोरखंड ओडेन्सेच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. चौदाव्या वर्षी कोपनहेगनला आला तो जन्मभर भाड्याच्या खोल्यांत, हॉटेलांत आणि बड्या लोकांच्या पाहुण्यांच्या खोल्यांत राहिला. दुसऱ्यांच्या पलंगांवर झोपून त्याने सगळा युरोप पालथा घातला. 1866 साली, एकसष्टाव्या वर्षी, बिऱ्हाड हलवताना त्याला स्वतःचं फर्निचर घेणं भाग पडलं. त्यात पलंग आला. आयुष्यातला पहिला स्वतःचा पलंग, आणि याला आनंद होण्याऐवजी धसका बसला. पलंग झाला, खुर्ची झाली, आता आपण याच्याखाली दबणार, आता कुठे जाणं नाही.

आपल्याकडे असा एखादा काका प्रत्येक घराण्यात असतो. नाटकाला, लग्नाला, कीर्तनाला हजर, जेवायला कुणाकडेही, पण ‘मुक्कामाला कुठे असता?’ विचारलं की विषय बदलणार. अशा माणसांना घर नसतं म्हणून आपण हळहळतो. त्यांना ते नको असतं, हे आपल्याला पटत नाही.

1872 मध्ये अँडरसन पलंगावरून पडला. मार चांगलाच बसला आणि त्यातून तो पुरता सावरला नाही. तीन वर्षांनी गेला तो मेल्किओर या स्नेही कुटुंबाच्या शहराबाहेरच्या घरी, म्हणजे शेवटीही दुसऱ्याच्याच पलंगावर. घराचं नाव रोलिहेड. अर्थ: शांतता.

भाचीच्या खोलीत छताला दिवा नाही. सवयीने मी दाराशेजारची भिंत चाचपत राहिले. इथे भाड्याचं घर मिळतं ते बहुधा दिव्यांविना. जाणारा आपले दिवे काढून नेतो, येणारा आपले लावतो. मग माणसं उशाशी एक लावतात, खिडकीत एक, वाचायला भिंतीवर एक, आणि मधला काळोख तसाच राहू देतात. मी ट्यूबलाइटखाली वाढलेली. ट्यूबलाइटखाली जगातला कुठलाही माणूस आजारी दिसतो, असं माझं जुनं मत आहे आणि आमच्या हॉलमध्ये ती अजून आहे.

हे वेड ज्याने पद्धतशीर केलं, तो पोल हेनिंगसेन. जन्म 1894, बालपण रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात. विजेचा बल्ब आला तेव्हा तो थेट डोळ्यांत घुसतो, ही त्याची तक्रार. 1925 पासून लुई पोल्सेन कंपनीसाठी तो दिवे करत राहिला: एकाखाली एक अशा शेड, त्यांची वळणं गणिताने बेतलेली, की उजेड खाली यावा, आजूबाजूला सांडावा, पण बल्ब कुठूनही दिसू नये. 1958चा त्याचा पीएच 5 आजही घरोघरी आहे. नावातला 5 म्हणजे 50 सेंटिमीटर व्यास. आत एक लाल आणि एक निळा भाग असतो, उजेडाचा रंग सौम्य करायला. हा खरं तर जेवणाच्या टेबलावरचा दिवा, आणि टांगतात इतका खाली की भाचीकडे भात वाढायला उठले आणि कपाळावर आपटला. पण उशाशीच्या दिव्यालाही तोच नियम लागू: आडवं पडल्यावर बल्ब दिसता कामा नये. खोली शांत करायची असेल तर आधी हे बघावं. मेंढीचं कातडं नंतर.

याच हेनिंगसेनने 1941 साली तिवोली बागेसाठी दिवे केले. जर्मनांनी देश व्यापलेला, रात्री उजेडबंदी. त्याचे दिवे जमिनीवर उजेड पाडत, पण विमानातून दिसत नसत, त्यामुळे बाग रात्रीही उघडी राहू शकली. घरांच्या खिडक्यांवर मात्र काळे कागद. पाच वर्षं. 4 मे 1945 च्या रात्री साडेआठच्या सुमाराला बीबीसीच्या डॅनिश बातम्यांत योहानेस सोरेन्सनचा आवाज मध्येच थबकला, आणि मग त्याने जर्मनांच्या शरणागतीची बातमी वाचली. लोकांनी काळे पडदे ओरबाडून रस्त्यावर जाळले आणि खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. अजूनही 4 मेच्या संध्याकाळी त्या कितीतरी खिडक्यांत लागतात. एरवीही हे लोक मेणबत्त्या जाळतात त्या पुष्कळच. त्यांच्या काजळीने घरातली हवा बिघडते हे तिथले संशोधक सांगत असतात, आणि मंडळी मेणबत्ती न विझवता खिडकी उघडतात.

ख्रिस्टियन्सहाउन भागात स्ट्रांडगेड 30 या घरात चित्रकार विल्हेल्म हामर्सहोई 1898 ते 1909 राहिला आणि त्या खोल्याच पुन्हा पुन्हा रंगवत बसला. पाठमोरी बायको, करडी भिंत, बंद दार. 1900च्या एका चित्रात तर बायकोही नाही. खिडकीतून तिरपं ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ. डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवून पावणेचारच्या आत मावळतो, अशा गावात उन्हाची एवढी तिरीप रंगवायला घेणं मला समजतं. त्या खोल्या शांत आहेत की उदास, याचा निकाल मात्र माझ्याने लागत नाही. भाचीला त्या उदास वाटतात. तिच्या भिंतीवर वारली चित्र आहे.

झोपायची खोली एवढी निगुतीने सजवायची, आणि पोरांना झोपवायचं बाहेर. होय, बाहेर. दुपारची झोप बाबागाडीत, अंगणात नाहीतर कॅफेच्या काचेबाहेर. आई आत कॉफी पीत. 1997 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईने हेच केलं आणि तिला अटक झाली, मूल काही दिवस सरकारच्या ताब्यात. भाचीची लेक जाते त्या पाळणाघरात मागच्या बाजूला नुसतं छप्पर आहे आणि त्याखाली बाबागाड्यांची रांग. आम्ही तिला आणायला गेलो, तेव्हा पारा शून्याच्या जरासा वर. दुलईतून नाकाचं लाल टोक तेवढं दिसत होतं. भाचीने पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. ताई बराच वेळ काही बोललीच नाही. मग फोन तोंडाजवळ आणून मला म्हणाली, “तू तिथे असून बघत बसलीस? कानटोपी कुठाय तिची?”