दोन छिद्रांमधील रेघ

भूस्तरशास्त्राचा व्यवसाय ज्यांनी केला, त्यांस एक खोड जन्मभर जडते. कोठेही गेले तरी पायांखाली काय असेल याचा अदमास बांधल्यावाचून त्यांस चैन पडत नाही. मुरबे गावी खाडीच्या काठी आम्ही उभे होतो तेव्हा आमची हीच गत झाली. ओहोटी पुरी झालेली, पलीकडे सातपाटी, मध्ये राखाडी चिखलाचा पसारा आणि त्यावर कुशीवर कललेल्या होड्या. सोबत्यास ते उजाड वाटले. आम्ही मात्र मनातल्या मनात त्याखालचे थर उलगडू लागलो होतो: वर चिखल, मग वाळू, शिंपल्यांचा चुरा, मुरूम, आणि सर्वांच्या तळाशी सह्याद्रीचाच काळा कातळ.

हा विचार आता केवळ निवृत्त माणसाचा चाळा राहिलेला नाही. वाढवणच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे झाली. खुद्द मुरबे येथेही बंदराचा प्रस्ताव पुढे आला आहे, आणि मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. त्या वादाच्या दोन्ही बाजूंस समुद्राच्या तळाविषयी बोलावेच लागणार. तो तळ कोणी पाहिला, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

पाहण्याची रीत वाटते तितकी नाजूक नाही. छिद्र पाडीत खाली जावयाचे, ठरल्या खोलीस थांबावयाचे, आणि साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून नळीच्या माथ्यावर पुनःपुन्हा सोडावयाचा. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढील 30 सेंटिमीटर जाण्यास किती ठोके लागले, तो आकडा वहीत उतरावयाचा. खाडीच्या ताज्या चिखलात कित्येकदा नळी हातोड्याच्या नुसत्या भारानेच खाली जाते. वाळूत ठोके वाढतात. मुरूम लागला, की मजुरांच्या चेहऱ्यावर घरी जाण्याची कळा दिसू लागते. एवढे केल्यावर हाती काय येते? वीतभर रुंदीच्या एका छिद्राची हकीकत. पुढचे छिद्र पन्नास पावलांवर, नाही तर पाचशे.

मधली जागा भरून काढणे हीच या विद्येची खरी परीक्षा. आम्ही तरुण होतो तेव्हा ती रेघ पेन्सिलीने ओढीत असू. आता संगणक ओढतो. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींवरील अभियंते डॅनी क्रीगे यांनी 1951 साली तुटपुंज्या नमुन्यांवरून मधल्या खनिजाचा अंदाज करण्याची दिशा दाखविली. फ्रान्सच्या जॉर्ज माथरों यांनी तिला पक्के गणिती रूप देऊन क्रीगे यांचेच नाव दिले. या पद्धतीचा मोठा गुण असा, की ती अंदाजाबरोबर त्या अंदाजातील संशयही मोजून देते. खेदाची गोष्ट ही, की त्रिमित प्रतिकृती जेव्हा सभेत दाखविली जाते, तेव्हा अंदाज तेवढा रंगीत होऊन पुढे येतो आणि संशय पेटीत राहतो.

आमच्या पेन्सिलीचा एक पराभव येथे सांगितलाच पाहिजे. उत्तर कोकणातील एका खाडीवर पूल व्हावयाचा होता. आम्ही चार छिद्रे घेतली. कातळ नऊपासून अकरा मीटरांपर्यंत लागला. आम्ही सरळ रेघ ओढली आणि निश्चिंत झालो. पुढे एका खांबाच्या पायाशी एकोणीस मीटर गेले तरी चिखलच! कारण साधे होते, आणि आम्हांस पाठही होते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून शंभरावर मीटर खाली होता. त्या काळी नद्यांनी कातळात खोल चर कोरले, आणि समुद्र परतल्यावर ते गाळाने भरून वरून सपाट झाले. मुंबईस प्रिन्सेस डॉक खणताना 1878 साली चिखलाखाली झाडांचे एक वनच सापडले होते. साडेतीनशेहून अधिक झाडे, त्यांतील बरीचशी उभी! जेथे एकेकाळी अरण्य होते तेथे सपाट रेघ ओढणारे आम्ही कोण?

त्या दिवशी मुरबे येथे आमच्याबरोबर आमचा भाचा होता. तो याच धंद्यात आहे. आमच्या त्या जुन्या वहीतील चार छिद्रे त्याने संगणकात घातली होती, आणि पाचवे मुद्दाम वगळले होते. आमची चूक जशीच्या तशी, पण विलक्षण देखण्या रंगांत उमटली. जवळच जाळे दुरुस्त करीत बसलेले एक वृद्ध मच्छीमार कुतूहलाने पाहू लागले. डोल जाळ्यासाठी समुद्रतळात खुंट ठोकण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. भाच्याने त्यांस रंग समजावून सांगितले.

"या काड्या म्हणजे तुझी भोकं," ते म्हणाले. "मग मधलं हे पिवळं कोणी पाहिलं?"

"कोणी नाही, काका. हिशोबाने काढलंय."

त्यावर त्यांनी त्यांच्या समुद्राची हकीकत सांगितली. एका ओळीत खुंट पहिल्या काही ठोक्यांतच घट्ट धरतो. तेथून थोड्याच अंतरावर तळ त्याला नुसता गिळतो, म्हणून तेथे लांब खुंट लागतो. आणि कोठे वाळू अशी, की ठोकलेला खुंट काही उधाणांत उघडा पडतो. हे त्यांस वडिलांनी सांगितले होते, वडिलांस आजांनी. हातोडा निराळा, वही नाही. पण ठोके मोजण्याची विद्या तीच. आमच्या चार छिद्रांस चार दिवस लागले होते. येथे तीन पिढ्यांचे ठोके होते, आणि ते विचारण्यास कोणी आले होते काय, हे आम्ही विचारले. ते हसले.

भाच्याने संगणकावर संशयाचा नकाशा लावला. चार काड्यांभोवती थोडा रंग राहिला. बाकी सारे पांढरे झाले. त्या पांढऱ्यावर बोट टेकवून वृद्धाने विचारले, "आमच्या समुद्राचं असं चित्र काढलंस, तर माझे खुंट यात बसतील?"

"जागा दाखवलीत तर बसतील."

"मग अष्टमीच्या भांगाला ये. पाणी मंद असतं."

भरती चढू लागली होती. भाचा दिनदर्शिकेत अष्टमी शोधीत होता.