मातेरं

आळेफाट्याजवळच्या राजुरीत आमच्या खळ्यावर बाजरीची रास पोत्यांत भरून झाली की आजी खाली उरलेलं झाडून घ्यायची. माती, खडे, दाणे सगळं एकत्र. ते मातेरं. मग सुपात पाखडत बसायची. पण खराटा बिनधास्त चालायचा, कारण पीक शेतात आणि मळणी खळ्यावर. उभ्या शेतात खराटा घेऊन कोण जातं?

प्रोग्रॅम लिहायला लागल्यावर हे मी विसरलो. दूध संकलनाच्या काट्यासाठी सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मी लिहिलेला सोर्स आणि कंपायलरने काढलेल्या ऑब्जेक्ट फाइली एकाच फोल्डरात. एकदा कंपायलरला एक पर्याय देऊन दुधाच्या नोंदीत जास्तीचा रकाना चालू केला. ‘मेक’ चालवलं. तक्रार काही नाही, पण पावतीवर फॅटच्या जागी एसएनएफ!

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेलं हे मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतं. पर्याय बदलला, हे त्याच्या गावी नसतं. पावती छापणाऱ्या फाइलीला मी हात लावला होता, ती नव्याने कंपाइल झाली. नोंद भरणारी जुनीच राहिली. एकीच्या लेखी तिसरं घर फॅटचं, दुसरीच्या लेखी एसएनएफचं.

इलाज सोपा होता : तयार झालेलं सगळं पुसून पुन्हा बांधायचं. पण काय माझं आणि काय यंत्राचं? घाईत पुसताना हाताने लिहिलेली दरपत्रकाची फाइलही गेली. गिटमध्ये टाकायची राहून गेली होती. ती रात्र मातेरं निवडण्यात गेली.

तेव्हापासून बिल्डचं फोल्डर वेगळं. लॅपटॉपसाठी एक, संकलन केंद्रातल्या एआरएम बोर्डासाठी दुसरं. शेत एकच, खळी दोन. जीएनयूची सी लायब्ररी तर सोर्सच्या फोल्डरात बांधूच देत नाही. ऑटोमेकचं ‘डिस्टचेक’ सोर्स फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवून बांधून बघतं. सीमेकची मात्र एक खोड आहे. जुनी कॅश फाइल सोर्समध्ये राहिली असेल, तर बिल्डच्या फोल्डरातून नुसतं वरच्या फोल्डरकडे बोट दाखवल्यावर ते निमूटपणे सोर्समध्येच जाऊन बांधतं. ती फाइल आधी शोधून काढावी.

आता आकडे विचित्र दिसले की पहिल्यांदा बिल्डचं फोल्डर उडवतो, पुन्हा बांधायला लावतो आणि चहा टाकतो. चहाला उकळी येईतो प्रोग्रॅम उभा असतो.