कुलपातली खोली

भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली घरमालकाच्या कुलपात असते ना, तसंच मोठ्या सर्व्हरचं असतं. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरमध्ये १६ प्रोसेसर बसवलेले असतात, पण पैसे ८ चेच भरले असतील तर बाकीचे ८ झोपलेले! अडीनडीला ते भाड्याने जागे करता येतात. याला म्हणतात कपॅसिटी ऑन डिमांड. आधी करार करून कोड घेतलेला असला की कन्सोलवर किती प्रोसेसर आणि किती दिवस एवढंच सांगायचं. मशीन बंदसुद्धा करावं लागत नाही.

भाडं प्रोसेसर-दिवसांवर. ४ प्रोसेसर ३ दिवस म्हणजे १२. तुम्ही वापरा, नाहीतर नुसते ठेवा.

तर झालं असं, की ३१ मार्चच्या रात्री एका क्लायंटची वर्षअखेरची बॅच रेंगाळली. फोनवर फोन. मी हिरोसारखे ४ प्रोसेसर चालू करून बॅचच्या पार्टिशनला जोडले. बॅच? ढिम्म! अडलेला जॉब एकाच थ्रेडवर चालणारा. एक प्रोसेसर घाम गाळतोय आणि चार नवे पाहुणे हाताची घडी घालून बसलेत. जीन अॅमडालने १९६७ मध्येच हे मांडलं होतं. अर्धं काम एकामागून एकच करावं लागत असेल, तर हजार प्रोसेसर लावा, वेग दुपटीच्या पुढे जात नाही. इंजिनिअरिंगला हे मी पाठ केलं होतं. परीक्षेपुरतं.

पुढची चूक त्याहून मोठी. मुदत संपायच्या आत प्रोसेसर पार्टिशनमधून काढून परत करायचे असतात. नाही केले तर मीटर चालूच राहतो. मी सकाळी घरी येऊन जो झोपलो, तो हे विसरूनच गेलो. आठवलं पाचव्या दिवशी.

बिल येण्याआधीच मॅनेजरना जाऊन सांगितलं. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू! ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, चालू करण्याआधी कोण कोणासाठी थांबलंय ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

आता आधी तेच बघतो. आणि प्रोसेसर चालू केल्या केल्या, ते परत करायचा अलार्म मोबाईलवर लावतो. क्लाउडवर तर कुलूप एका क्लिकमध्ये उघडतं, म्हणून तिथे जास्तच जपतो. खोली उघडणं सोपं असतं हो, आठवणीने बंद करणं हीच खरी नोकरी.